लघुप्रतिकृतींची ओळख आणि सॉल्सबरीच्या ढाली : पार्श्वभूमी

इंग्लंड आणि वेल्समधील शेतांत मेटल डिटेक्टरने सापडणाऱ्या कुऱ्हाडी, भाले, चाके, हंडे आणि ढाली यांच्या धातूच्या लघुप्रतिकृती ओळखताना काळाइतकाच हेतूचा प्रश्न अवघड ठरतो. ती वस्तू देवाला वाहिलेली होती की मुलांच्या खेळातली, हे केवळ आकारावरून क्वचितच ठरते. रोमन काळापुरता या प्रश्नाला भक्कम आधार स्वित्झर्लंडमध्ये मिळाला. थूनजवळच्या आल्मेंडिंगेन येथे 1824 मध्ये सापडलेल्या कांस्याच्या चिमुकल्या कुऱ्हाडींच्या पात्यांवर ज्युपिटर, मर्क्युरी, मिनर्व्हा, नेपच्यून आणि मातृदेवता यांची नावे कोरलेली होती. ऑक्सफर्डशायरमधील वुडईटन व ग्लॉस्टरशायरमधील उली या मंदिरस्थळी मिळालेल्या प्रतिकृतींमुळे ब्रिटनमध्येही त्या देवाला वाहिलेल्या होत्या, हाच अर्थ रूढ झाला. मात्र थेम्सच्या गाळातला सुमारे 1300 सालचा, शिसे-कथलाचा पोकळ घोडेस्वार किंवा सतराव्या शतकातील छोटी तोफ ही खेळणीच मानली जातात.

या विषयाला खरे वळण मिळाले ते 1985 मध्ये. दक्षिण इंग्लंडमधील सॉल्सबरीजवळच्या नेदरहॅम्प्टन येथील एका शेतातून काही डिटेक्टरधारकांनी परवानगी न घेता पाचशेहून अधिक कांस्यवस्तूंचा साठा उकरून काढला आणि तो बाजारात विखुरला. त्यात 24 छोट्या ढाली आणि 46 छोटे हंडे होते. लाकूड आणि कातड्याच्या ढाली मातीत कुजून जातात. त्यामुळे लोहयुगीन ढालींच्या आकारांचा पुरावा म्हणून या प्रतिकृतींचे मोल मोठे आहे. त्यांपैकी 22 ढाली एका राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाने 1989 मध्ये विकत घेतल्या. त्या कुठून आल्या, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हते.

हा निर्णय आजही वादाचा आहे. खरेदी झाली नसती तर ढाली एकेक करून खासगी संग्रहांत गेल्या असत्या आणि पुढचा माग काढणेही शक्य झाले नसते, असे समर्थनार्थ म्हणता येते. हा युक्तिवाद पोकळ नाही, कारण माग काढणारा अभ्यासक त्याच संस्थेतला होता; त्याच्या चिकाटीमुळेच मूळ खड्डा सापडला, चोरांवर खटले झाले आणि साठ्याचा बराचसा भाग पुन्हा एकत्र आला. तरीही ज्या वस्तूचे सापडण्याचे ठिकाण विक्रेता सांगत नाही, तिला सार्वजनिक पैसा दिल्याने अशा मौनाला किंमत मिळते, ही टीका अधिक वजनदार वाटते. अखेर त्या ढालींवर जमीनमालकाचा हक्क मान्य करून त्या त्याला परत कराव्या लागल्या आणि नंतर त्याच्याकडून रीतसर घ्याव्या लागल्या. दरम्यान जे हरवले ते परत आले नाही. साठ्यात सुमारे 2400 ते 200 इसवी सनपूर्व अशा दोन हजारांहून अधिक वर्षांतल्या वस्तू एकत्र पुरलेल्या होत्या. त्या कोणत्या क्रमाने रचल्या होत्या आणि ढालींशेजारी नेमके काय होते, हे खड्डा जाणकाराच्या हातून उघडला असता तरच कळले असते.

त्या काळचा कायदाही अशा वस्तूंच्या बाजूने नव्हता. जुन्या निधिकायद्याचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या प्राचीन मौल्यवान ठेव्यांविषयीच्या (‘निधी’) कायद्याचा, संबंध सोन्या-चांदीपुरता होता. कांस्याचा साठा केवळ जमीनमालकाची मालमत्ता ठरे, आणि त्याची माहिती शासनाला कळवण्याचे बंधन कोणावरही नव्हते. डिटेक्टरधारक आणि पुरातत्त्वज्ञ यांच्यात 1980 पासून एकमेकांविरुद्ध उघड मोहिमा चालू असल्याने परस्परविश्वासही उरला नव्हता. 1996 च्या कायद्याने, जो 1997 मध्ये लागू झाला, निधीची व्याख्या बदलली. 1997 मध्येच शोधवस्तूंची ऐच्छिक नोंदणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. 1 जानेवारी 2003 पासून एकाच ठिकाणच्या दोन किंवा अधिक प्रागैतिहासिक साध्या (सोने-चांदी सोडून इतर) धातूच्या वस्तूही निधी ठरू लागल्या. सॉल्सबरीचा साठा त्यानंतर सापडला असता तर तो कळवणे बंधनकारक ठरले असते. नोंदणीमुळे अक्षांश-रेखांशांसह लघुप्रतिकृतींची तुलना करता येऊ लागली आणि एकाच शेतातल्या दोन-तीन कुऱ्हाडींवरून अज्ञात मंदिराचा संशय घेणे शक्य झाले.

जुलै 2023 पासून दोनशे वर्षांहून जुनी आणि अपवादात्मक महत्त्वाची धातूची वस्तू एकटी असली तरी निधी ठरू शकते. शेतात एकटीच सापडलेली साधी, कोरीव नाव नसलेली रोमन कुऱ्हाड सहसा या कसोटीत बसत नाही, त्यामुळे तिची नोंद करायची की नाही, हे आजही सापडवणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे.