तेराव्यानंतर होस्टेलवर

वडील गेले म्हणून गावी गेलेली मुलगी तेरावा आटोपून होस्टेलवर परतते आणि लोकांची विचारपूस तिथेच थांबते. खरी गरज असते ती इथून पुढे. रात्री नऊला खोल्याखोल्यांतून घरी फोन लागतात, तेव्हा तिचाही हात सवयीने मोबाइलकडे जातो. बाबांचा फोन येणार, ही मेंदूला वर्षानुवर्षं लागलेली सवय एका बातमीने सुटत नाही.

झोप मोडते, एकच पान चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. हा आळस नव्हे. पण हजेरीपटाला ते कळत नाही. 90 दिवसांच्या सत्रात 75 टक्के हजेरी लागत असेल, तर जेमतेम 22 दिवस चुकवता येतात. त्यातले दहा-अकरा घरीच गेलेले असतात, उरलेले सकाळी उठवत नाही म्हणून जातात. म्हणून परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात, तिला विचारून, वर्गशिक्षकांकडे अर्ज द्यावा. राहिलेली प्रॅक्टिकल्स आणि सबमिशनच्या नव्या तारखा लेखी घ्याव्यात. कमावतं माणूस गेलं असेल तर फी आणि शिष्यवृत्तीचं त्याच वेळी विचारावं.

‘काही लागलं तर सांग’ हे मनापासून म्हटलेलं असतं, पण मागण्याचं ओझं तिच्यावरच पडतं. ‘साडेसातला मेसला जाताना तुला हाक मारते’ हे उपयोगी पडतं.

दुपारी गॅदरिंगच्या तालमीत हसलेली मुलगी रात्री रडली, तर ते ढोंग नाही. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलं ते हेच: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत येरझाऱ्या घालतो, आणि दुःखापासून मिळणारी उसंतही गरजेची असते. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे 1969चे, नकारापासून स्वीकारापर्यंतचे पाच टप्पे मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते. ते क्रमाने उरकायचा अभ्यासक्रम नाही.

जेवण तुटलं, दारू वाढली, ‘मीही जावं’ असं बोलणं आलं, तर वाट पाहू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नये, रेक्टरांना उठवावं, डॉक्टर गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

बाबांचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धाची तारीख मैत्रिणींनी आपल्या मोबाइलमध्ये घालून ठेवावी. त्या दिवशी परीक्षा असली तर आदल्या रात्री तिच्या खोलीत झोपायला जावं.