ल्युपस: जन्माचा सोबती की गोळीमागून आलेला?

सकाळी बोटं आखडलेली, अंगात बारीक ताप, श्वास घेतला की छातीत कळ, आणि रिपोर्टमध्ये एएनए (आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह. एवढ्यावर घरात ठरून जातं की ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, झाला, आता जन्मभर गोळ्या. पण हुबेहूब असाच दिसणारा दुसरा आजार आहे. तो औषधामुळे होतो आणि ते औषध थांबवलं की बहुतेक वेळा निघून जातो. हा फरक लक्षात आला नाही, तर दुखणं आणणारी गोळी चालूच राहते आणि वरून स्टेरॉइडची भर पडते.

नेहमीचा ल्युपस मुख्यतः बायकांचा आजार. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्यातही पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. औषधाचा ल्युपस जास्त करून उतारवयात दिसतो आणि पुरुषांनाही जवळपास तितकाच होतो, कारण बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या त्याच वयात सुरू होतात. नाकावरून दोन्ही गालांवर पसरणारा लाल चट्टा पहिल्यात वारंवार, दुसऱ्यात क्वचित. खरी धास्ती किडनीची आणि मेंदूची. नेहमीच्या ल्युपसमध्ये त्यांना इजा होऊ शकते, औषधाच्या ल्युपसमध्ये ती फारच कमी वेळा होते. सांधेदुखी, ताप, फुफ्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज मात्र दोन्हीकडे.

नागपुरात पावसाळ्यानंतर सांधे धरले की जो तो आधी चिकुनगुनिया म्हणतो, आणि विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावा लागतो. ते बरोबरच आहे. पण त्याच वेळी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला हवी. कडेने कापलेल्या, नाव अर्धवट उरलेल्या पट्ट्या निघतात. ‘काकू, ही गोळी कधीपासून?’ ‘मोठ्या डॉक्टरांनी देल्ली होती बाप्पा, दोन वर्षं झाली असतील.’ ही दोन वर्षं महत्त्वाची. औषधाचा ल्युपस पहिल्या गोळीला येत नाही, काही महिने, कधी वर्षं जातात. म्हणूनच जुन्या गोळीवर कोणाचा संशय जात नाही.

हायड्रालझिन हे बीपीचं आणि हृदयाचं औषध यातलं जुनं नाव, 1953 पासून नोंदलेलं. दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या वर डोस गेला की धोका वाढतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं प्रोकेनामाइड याहून जास्त त्रासदायक. मुरमांसाठीचं मिनोसायक्लिन, संधिवातातलं इन्फ्लिक्सिमॅब आणि टीबीचं आयसोनियाझिड हीही यादीत आहेत. काही माणसांच्या यकृतात हायड्रालझिन, प्रोकेनामाइडसारखी औषधं निकामी करणारं एन्झाइम जन्मतःच संथ असतं. औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि अशांना ल्युपस लवकर गाठतो.

आपल्यासाठी सगळ्यांत अवघड जागा टीबीची. कोर्स चालू असताना सांधे दुखू लागले, तर आधी पायराझिनामाइडकडे बघायचं. ते युरिक अॅसिड वाढवतं आणि ही सांधेदुखी ल्युपसपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसते. ताप आणि छातीतलं पाणी तर टीबीचंच असू शकतं. त्यामुळे इंटरनेटवर वाचून कोर्स बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होतो. आयसोनियाझिड थांबवायचं की नाही आणि बदल्यात काय द्यायचं, हे टीबीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

औषधाच्या ल्युपसचा त्वचेपुरता येणारा एक प्रकार उन्हाने चिडतो, आणि नागपूरचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. छाती, पाठ, दंड अशा उघड्या भागावर गोल, कडेला लाल चट्टे उठतात. ते गजकर्णासारखे दिसतात, आणि गजकर्णाची टर्बिनाफिन गोळी स्वतःच हा ल्युपस आणू शकते. म्हणजे चट्टे वाढले म्हणून तीच गोळी आणखी महिनाभर घेतली जाण्याची भीती. थायाझाइड गटातल्या बीपीच्या गोळ्यांनीही हे होतं.

रक्ताच्या तपासण्या मदत करतात, पण एकटी तपासणी निकाल देत नाही. एएनए दोन्हींत पॉझिटिव्ह येते. अँटी-हिस्टोन ही अँटीबॉडी औषधाच्या ल्युपसमध्ये बहुतेकांना सापडते, मात्र नेहमीच्या ल्युपसमध्येही अनेकांना. डीएस-डीएनए ही दुसरी अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) कमी असेल, तर पारडं नेहमीच्या ल्युपसकडे झुकतं. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांत हा नियमही मोडतो, तिथे डीएस-डीएनए वाढलेलं सापडतं. मिनोसायक्लिनमध्ये तर अँटी-हिस्टोन बऱ्याचदा नसतंच, आणि रुग्णही तरुण मुली असतात.

शेवटी उत्तर देते ती औषध थांबवल्यानंतरची वाट. डॉक्टरांनी संशयित गोळी बदलली की त्रास काही आठवड्यांत उतरू लागतो, कधी महिने लागतात. एएनए मात्र त्यानंतरही बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते. माणूस बरा वाटत असेल, तर नुसत्या त्या आकड्याने घाबरू नये. आणि त्या औषधाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावं, कारण तेच औषध पुन्हा सुरू झालं तर ल्युपस परत येतो.