मोराचे अश्रू आणि लांडोरीच्या पोटातलं कोठार

पाऊस जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास फिरतो. पिसारा फुलवलेल्या मोराचा फोटो आणि खाली लिहिलेलं की मोर आजन्म ब्रह्मचारी असतो, नाचताना त्याच्या डोळ्यातून अश्रू येतात, लांडोर ते पिते आणि तिला गर्भ राहतो, म्हणून तर श्रीकृष्णाने मोरपीस डोक्यावर घेतलं. २०१७ च्या मे अखेरीस राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी निवृत्तीच्या दिवशी टीव्हीच्या पत्रकारांना हेच सांगितलं, आणि तेव्हापासून मेसेजला "कोर्टानेपण सांगितलंय" अशी ओळ चिकटली. यंदा मावशीने मला फोन करून विचारलं, अरे खरं काय आहे मग? तू सायन्सवाला, तू सांग. तिला फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण समाधान झालं नाही, कारण खरी गोष्ट अश्रूंपेक्षा कितीतरी भारी आहे आणि ती पाच मिनिटात सांगून होत नाही.

आधी सरळ उत्तर. मोर ब्रह्मचारी नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मोर आपापली जागा धरतात, ओरडतात, पिसारा उभारून पिसं थरथरवतात, लांडोरी येऊन बघून जातात, एखादीला पसंत पडला तर ती खाली बसते, मोर पाठीवर चढतो, शेपटी बाजूला होते आणि काही सेकंदात काम होतं. १९९१ साली मॅरियन पेट्री या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेडच्या पार्कात मोकळे फिरणारे मोर बघून दाखवलं होतं की पिसाऱ्यावर डोळे जास्त असलेल्या मोरांना लांडोरी जास्त मिळतात. ज्याला कधी मिलन करायचंच नाही त्याने एवढा पिसारा कशासाठी वागवायचा?

आणि अश्रू प्यायल्याने काय होईल तेही बघा. लांडोरीने जे काही गिळलं ते गळ्याखालच्या पिशवीत, तिथून जठरात आणि मग पेट्यात जातं (कलेजी-पेटा मधला तोच पेटा), तिथे ते पचतं. अन्नाची नळी आणि अंड्याची नळी या दोन वेगळ्या नळ्या आहेत, त्या भेटतात फक्त शेवटी, शेपटीखालच्या दारापाशी. चोचीतून अंडाशयाकडे जायला रस्ताच नाही.

हे शेपटीखालचं दार म्हणजे क्लोएका. पक्ष्यांना विष्ठा, लघवी, वीर्य, अंडं या सगळ्यासाठी एकच दार असतं, लॅटिनमध्ये क्लोएका म्हणजे गटार, नाव काही फार आदराने दिलेलं नाही. नराचे वृषण पोटाच्या आत, पाठीच्या कण्याला लागून मूत्रपिंडांजवळ असतात, हंगामात ते फुगून कितीतरी पट मोठे होतात आणि हंगाम संपला की परत आकसतात. आपल्याकडे वृषण शरीराबाहेर असतात कारण शुक्राणू तयार व्हायला जरा थंडावा लागतो, पण कोंबड्याच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि त्याच तापमानात त्याचे शुक्राणू मजेत तयार होतात. बदक, हंस, शहामृग, इमू असे थोडे सोडले तर पक्ष्यांच्या नरांना शिश्न नसतंच. २०१३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कोंबड्याच्या गर्भात शिश्नाचा कोंब आधी फुटतो आणि मग एका जनुकाच्या हुकमाने तिथल्या पेशी मरतात, कोंब विरघळून जातो. त्यामुळे मिलन म्हणजे दाराला दार टेकवणं, बस. लांबून बघणाऱ्याला काही दिसतच नाही, मोर नुसता पाठीवर चढून उतरल्यासारखा वाटतो.

पण माझ्या मते अश्रूंची कथा जन्मायला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते मला माझ्या आजीने दाखवलं होतं, अर्थात तिला त्यामागची शरीररचना माहीत नव्हती. आजीकडे डालग्याखाली झाकलेल्या सात-आठ गावरान कोंबड्या असायच्या आणि एक कोंबडा. एकदा कोंबडा बाजारात विकला. मी म्हटलं आता पिल्लं नाही व्हायची. आजी म्हणाली, होतील की, अजून आठ-दहा दिवसांची अंडी ठेवून दे, त्यानंतरची खायला घे. ती अंड्यांवर कोळशाने खुणा करायची. कोंबडा जाऊन आठवडा झाला होता तेव्हाची अंडी तिने खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. कोंबडा नाही, चढणं नाही, तरी सफळ अंडी. असं घडताना कोणी पाहिलं तर त्याच्या मनात अश्रू काय, वारा काय, काहीही येऊ शकतं.

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडला होता. इटलीतल्या पादुआ इथे फॅब्रिशियस नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक होता. कोंबडीच्या शेपटीखालच्या दाराजवळ त्याला एक छोटी पिशवी सापडली आणि त्याला वाटलं की हेच वीर्याचं कोठार. त्याचा शिष्य विल्यम हार्वी, १६२८ साली रक्ताभिसरण समजावून सांगणारा तोच, त्यानेही कोंबड्या फाडून बघितल्या. कोंबडा दूर केल्यावरही अंडी सफळ निघतात हे त्याला माहीत होतं, पण गर्भाशयात त्याला वीर्याचा थेंब दिसेना. शेवटी १६५१ मध्ये त्याने लिहिलं की लोहचुंबकाचा स्पर्श झालेल्या लोखंडात चुंबकाचा गुण उतरतो तसा नराचा काही गुण मादीत उतरत असावा. एवढा मोठा माणूस, पण सूक्ष्मदर्शकाशिवाय करणार काय! फॅब्रिशियसची पिशवीही वीर्याची नव्हती, ती तर कोंबड्यातही असते. १९५६ मध्ये कळलं की ती रोगप्रतिकाराशी संबंधित आहे, ती काढून टाकलेल्या पिल्लांच्या रक्तात अँटीबॉडी तयार होत नाहीत. अँटीबॉडी बनवणाऱ्या ज्या पेशींना आज आपण बी पेशी म्हणतो त्यांच्यातला "बी" या पिशवीच्या लॅटिन नावातून, बर्सामधून आलाय.

खरं कोठार सापडायला १९६० चं दशक उजाडलं. कोंबडीच्या अंडवाहिनीत जिथे कवच तयार होणारा भाग संपतो आणि योनी सुरू होते त्या सांध्यावर आतल्या अस्तरात घड्या असतात, आणि त्या घड्यांमध्ये हजारो बारीक नळ्या, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या, एका टोकाला बंद, परीक्षानळीसारख्या. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर त्यात शुक्राणू जुडी बांधल्यासारखे समांतर पडलेले असतात, सगळ्यांची डोकी बंद टोकाकडे. या नळ्यांमध्ये कोंबड्याचे शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात, टर्की पक्ष्यात तर दहा आठवड्यांपर्यंत. माणसात शुक्राणू स्त्रीच्या शरीरात फार तर पाचेक दिवस टिकतात, आणि इथे फ्रीज नाही, काही नाही, ४१ अंशांची भट्टी आहे. लांडोर कोंबडीच्याच कुळातली आहे, पोटातली व्यवस्था तीच.

आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो, जरा सावकाश वाचा. या कोठारात शिरणंच मुळात अवघड. कोंबड्याने एका वेळी सोडलेल्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी शंभरातला जेमतेम एक नळ्यांपर्यंत पोचतो, बाकीचे योनीतूनच बाहेर टाकले जातात. ही चाळणी कोंबडीच्या ताब्यात असते, कळपातल्या खालच्या पायरीवरच्या कोंबड्याने जबरदस्ती केली तर कोंबडी त्याचं वीर्य लगेच बाहेर फेकते असं प्रयोगात दिसलंय. जे आत गेले ते टिकतात कसे यावर दोन विचार आहेत. एक असा की नळीच्या पेशी सतत पाणी झिरपवतात, नळीतून बाहेरच्या दिशेने हळू प्रवाह असतो आणि शुक्राणू त्या प्रवाहाविरुद्ध पोहत जागच्या जागी राहतात, ट्रेडमिलवर चालणाऱ्या माणसासारखे, आणि ज्याची ताकद संपते तो प्रवाहाबरोबर बाहेर पडतो. दुसरा विचार जपानमधल्या संशोधकांचा, त्यांनी जपानी लाव्यांमध्ये, म्हणजे बटेरमध्ये बघितलं की नळीत ऑक्सिजन कमी असतो, लॅक्टिक आम्ल साठतं, त्यामुळे शुक्राणूच्या आतली आम्लता वाढते आणि त्याचं शेपूट हलायचं थांबतं, म्हणजे तो पोहत नाही तर झोपतो, आणि अंडं सुटायच्या वेळी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं की थोडे शुक्राणू नळीबाहेर सोडले जातात. आणखी एक, शुक्राणू हे मादीच्या दृष्टीने परके, परक्याला मारायला पांढऱ्या पेशी धावतात, पण या नळ्यांमध्ये ती हद्द शांत ठेवलेली असते, पाहुण्यांना अभय दिल्यासारखी.

थोडे थोडे सोडायचे कशासाठी? कारण अंड्याकडे वेळच नसतो. कोंबडीचा फक्त डावा अंडाशय आणि डावी अंडवाहिनी वाढते, उजवी बाजू बहुतेक पक्ष्यांत नावापुरती राहते. अंडाशयातून पिवळा बलक सुटला की अंडवाहिनीचं नरसाळ्यासारखं तोंड त्याला पकडतं, आणि फलन होणार असेल तर तिथेच, साधारण पंधरा मिनिटांत. त्यानंतर बलक पुढे सरकतो, पांढरा बलक गुंडाळला जातो, मग पातळ पापुद्रे, मग वीसेक तास कवच. एकदा पांढरा बलक चढला की शुक्राणूला आत जायची वाट बंद. आणि कोंबडी रोज, म्हणजे खरं तर चोवीस ते सव्वीस तासांनी, नवीन बलक सोडते. दर वेळी कोंबडा नेमका त्या पंधरा मिनिटांसाठी हजर कसा असणार? म्हणून खालच्या कोठारातून रोज थोडा माल वर पाठवायचा, तो वरच्या नरसाळ्यात तयार ठेवायचा, बलक आला की भेट.

या भेटीत अजून एक गंमत. आपल्याकडे एका बीजांडात एकच शुक्राणू शिरायला हवा, दुसरा शिरला तर गर्भ बिघडतो, शाळेत शिकवतात ते. पक्ष्यांत तसं नाही. बलकाभोवतीच्या आतल्या पापुद्र्याला शुक्राणू भोकं पाडतात, एकाच बलकावर डझनावारी भोकं, आणि त्यातले बरेच आत जातात. मादीच्या केंद्रकाशी जोडी जमते एकाचीच, पण टिम बर्कहेड आणि निकोला हेमिंग्ज या पक्षी-संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की बाकीचे शुक्राणू फुकट जात नाहीत, फारच थोडे शिरले तर गर्भ सुरुवातीलाच मरतो, म्हणजे जोडी न जमलेल्यांचाही गर्भाच्या पहिल्या वाढीत काहीतरी वाटा आहे. बलकावर मग बाहेरचा दुसरा पापुद्रा चढतो आणि पुढच्यांना अटकाव होतो. ही भोकं मायक्रोस्कोपखाली मोजून त्या अंड्यापर्यंत किती शुक्राणू पोचले होते याचा अंदाज काढता येतो, अंडं कोंबडीच्या बाहेर आल्यानंतर सुद्धा!

याच कोठारावर पोल्ट्रीचा धंदाही चालतो. मोठ्या छातीच्या टर्की नरांना इतकं वजनदार केलंय की त्यांना नीट चढताच येत नाही, तिथे सगळं कृत्रिम रेतनाने होतं, पण रोज करावं लागत नाही कारण एकदा केलं की मादी स्वतः साठवून पुरवते.

दुकानातल्या अंड्यांबद्दल मावशीने लगे हात विचारलंच. लेयर फार्मवर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडे नसतात, तिथल्या अंड्यात गर्भ नसतो, ती कितीही उबवली तरी पिल्लू निघणार नाही. कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लू व्हायला लागतो. उलट बाजूने "फर्टाइल देशी अंडं, दुप्पट ताकद" अशा जाहिराती चालतात, त्यात काही अर्थ नाही, शुक्राणू शिरल्याने अंड्यातलं प्रोटीन वाढत नाही. घरी बघायचं असेल तर अंडं हलक्या हाताने ताटलीत फोडा, बलकावर पांढरा ठिपका दिसेल. ठिपका छोटा, गच्च, कडा वेड्यावाकड्या असतील तर निष्फळ, मोठा आणि कडेने गोल कडं असल्यासारखा असेल तर सफळ. गावरान अंडी मिळत असतील तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि लहानपणी आपण वहीत मोरपीस ठेवायचो, त्याला पिल्लं होतात म्हणून पेन्सिलीचा भुसा खायला घालायचो, आठवतं का? लहान पोरांनी तो खेळ खुशाल खेळावा, पण पीस म्हणजे नखासारखं मेलेलं केराटिन, त्याला पिल्लं होत नाहीत आणि ते ब्रह्मचर्याचं प्रमाणपत्रही नाही. कृष्णाच्या मुकुटात ते शोभतं म्हणून शोभतं, त्यासाठी मोराचं लग्न मोडायची गरज नाही.

मावशीच्या गावाकडे उसाच्या कडेला लांडोर अंडी घालते, झुडपाखाली जमिनीत जरासा खड्डा करून, चार-सहा अंडी, अठ्ठावीस दिवस एकटी बसते. मोर तेव्हा आसपास नसतो, उबवण्यात त्याचा काहीच वाटा नसतो, पुढे पाऊस ओसरता ओसरता त्याची लांब पिसं गळायला लागतात. मावशी म्हणाली तिने लांडोर एकटीच बघितलीय कायम, म्हणून तिला अश्रूंचं खरं वाटलं होतं. मी तिला म्हटलं, एकटी दिसते, पण पहिलं अंडं घालताना तिच्या पोटात त्या नळ्यांमधे मोराचा साठा असतो.