घातांक मूळ, म्हणून उत्तरही मूळ? नाही!

दादरच्या क्लासांत आजही छातीठोकपणे सांगतात: घातांक मूळ संख्या असेल, तर २ च्या त्या घातातून १ वजा केला की मूळ संख्याच मिळते. २, ३, ५, ७ पर्यंत गाडी सुसाट: ३, ७, ३१, १२७. घातांक ११ घ्या, येतात २०४७. म्हणजे २३ गुणिले ८९. संपलं! (उलट बाजू खरी: घातांक संयुक्त, तर उत्तर संयुक्तच.) अशा संख्या ज्याच्या नावाने ओळखल्या जातात, तो खुद्द फ्रेंच अभ्यासक मर्सेन १६४४ मध्ये घातांक ६७ ला फसला: ते उत्तर त्याने मूळ मानलं. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकाने ते खोडलं, पण अवयव सापडायला १९०३ उजाडलं; अमेरिकन गणिती कोलला मिळालेला लहान अवयवच १९,३७,०७,७२१! २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी विक्रमी मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ मूळच आहे, तरी तिची स्वतंत्र चाचणी घ्यावीच लागली.