मुलाचं नाव कोण ठरवतं? मराठी घरांतल्या नामकरणाची पार्श्वभूमी

बाळ यायच्या आधीच हल्ली घरात नावांच्या याद्या तयार असतात. आईच्या मोबाइलमध्ये एक, बाबांच्या मोबाइलमध्ये दुसरी, आजीनं सुचवलेली चार नावं वेगळी. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसतं, म्हणून यादी दोन्हींची. मुलगा झाला की निम्मी नावं गळतात आणि उरलेल्यांवर खरी चर्चा सुरू होते. आईवडिलांनी एकत्र बसून आपल्या आवडीचं नाव निवडायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की ते किती अलीकडचं आहे हे लक्षातच येत नाही. तीन-चार पिढ्या मागे गेलं तर मुलाच्या नावावर पहिला हक्क आजोबांचा, कुलदैवताचा किंवा पंचांगाचा असे. कधी कधी तर भीतीचा. आईचा हक्क बहुतेक ठिकाणी सगळ्यांत शेवटी येई.

या विषयावरचे सर्वांत जुने नियम आश्चर्य वाटावं इतके बारीक आहेत. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, याज्ञिकांचं, म्हणजे यज्ञविधी जाणणाऱ्यांचं, एक वचन येतं. दहाव्या दिवसानंतर मुलाचं नाव ठेवावं. नावाची सुरुवात ग, ज, द, ब, भ अशा घोषवर्णानं व्हावी, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादं अक्षर असावं, अक्षरं दोन किंवा चार असावीत. ते तीन पिढ्यांतल्या पूर्वजांची आठवण देणारं असावं आणि शत्रूच्या घरात रुळलेलं नसावं. नाव कृदन्त, म्हणजे धातूपासून बनलेलं असावं, तद्धित, म्हणजे दुसऱ्या नामाला प्रत्यय लागून बनलेलं नको, असाही नियम आहे. व्याकरण शिकल्याशिवाय हा फरक कळणार कसा, म्हणून पतंजली हे वचन व्याकरणाच्या बाजूनं पुरावा म्हणून देतो. त्यातला आवाजाचा कान मला फार आवडतो. आजच्या याद्यांत आरव, अर्णव, विहान, रेयांश अशी नावं वर का येतात ते पाहावं. य, र, व या अक्षरांची ओढ तेव्हाही होती.

पण त्याच परंपरेची दुसरी बाजू कडू आहे आणि ती वगळून हा इतिहास सांगता येत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं वर्णांनुसार वाटून दिली आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस वाटावी असं. पाळण्यातल्या मुलाला माणसांच्या उतरंडीतली जागा दाखवून देण्याचं काम नावावर सोपवलेलं होतं. गावगाड्यात हे पोथी न वाचताही चालत राहिलं. मुलाचं नाव देवाचं असलं, तरी वरच्या आळीतून हाक मारताना ‘नामदेव’चा ‘नाम्या’ आणि ‘धोंडिबा’चा ‘धोंड्या’ व्हायचा. वय वाढलं तरी त्या माणसाच्या नावामागे ‘राव’ किंवा ‘पंत’ लागत नसे.

दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिकू ही नावं मात्र एकाच कारणानं आलेली नाहीत. मुलं जगत नसत, हे दुसरं कारण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. आज हा आकडा तिसाच्या खाली आला आहे. ज्या घरात आधीची दोन-तीन मुलं गेली, तिथे पुढच्या मुलाला चांगलं नाव द्यायला आई धजावत नसे. सुंदर नावाला दृष्ट लागेल, काळाचं लक्ष जाईल. मग मुलाला दगड म्हणायचं, केर म्हणायचं. आम्ही भीक मागून आणलाय, आमचा नाहीच, असं सांगायचं. मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवायचं आणि नाव ठेवायचं नथू. ही नावं सगळ्या जातींत सापडतात. धोंडो हे नाव तर ब्राह्मण घरांतही सर्रास असे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्याचं ठळक उदाहरण. अर्थात अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत. त्यामुळे जुन्या वंशावळीत एखादा धोंडू दिसला, तर त्यामागे काळाची भीती होती, महिना होता की दुसऱ्यानं लादलेली हलकी हाक होती, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. अशा नावांना हसणाऱ्यांना मला एवढंच सांगावंसं वाटतं: त्यांतली कित्येक नावं मूल जगावं म्हणून ठेवलेली आहेत.

देवाची नावं ठेवण्यामागे एक वेगळाच विश्वास होता. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. आयुष्यभर वाट चुकलेला हा माणूस मरताना आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला हाक मारतो आणि त्या नावानंच तरतो. कीर्तनांतून ही कथा घरोघरी पोचली. मुलाला दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची, तर ती देवाच्याच नावानं का मारू नये? संत नामदेवांच्या चार मुलांची नावं नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव. पण परंपरेला ती ठाऊक आहेत नारा, विठा, गोंदा आणि म्हादा अशी. देवाचं नाव घरात आलं की घरचं होऊन जातं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसेल. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या भावंडांच्या नावांत मात्र निवृत्ती, ज्ञान, पायरी, मुक्ती असा एक क्रमच लागलेला आहे. मराठी घरांत त्यातली तिन्ही मुलग्यांची नावं पुढे कायमची राहिली.

त्याखेरीज प्रत्येक भागाचं आणि समाजाचं आपापलं दैवत. जेजुरीच्या खंडोबावरून खंडेराव, मल्हार, मार्तंड, जोतिबावरून जोतीराव, बिरोबावरून बिरू, भैरोबावरून भैरू. वारावरून सोमा, मंगळू, बुधा. मुलाचं नाव ऐकलं की घराणं कोणत्या डोंगराला, कोणत्या जत्रेला जोडलेलं आहे हे कळत असे. भोसल्यांच्या घरातली शहाजी आणि शरीफजी ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसातून आली, असं परंपरा सांगते.

मग आजोबा. नातवाला आजोबांचं, कधी गेलेल्या काकांचं नाव देण्याची रीत इतकी पक्की होती की मराठ्यांच्या इतिहासात नवख्या वाचकाचा गोंधळ उडतो. शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी कनकगिरीला पडले; त्यानंतर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. त्या संभाजीराजांच्या मुलाचं नाव शिवाजी, तेच पुढे शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. राजाराम महाराजांच्या दोन राण्यांच्या मुलांची नावंही शिवाजी आणि संभाजी. पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव आणि पहिल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. यात सवाई माधवरावांचं नाव मला सर्वांत चटका लावतं. १७७२ मध्ये माधवराव पेशवे गेले, १७७३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा खून झाला आणि १७७४ मध्ये नारायणरावांच्या विधवा पत्नीला, गंगाबाईंना मुलगा झाला. त्याला नाव दिलं ते गेलेल्या काकांचं. सगळ्या दौलतीला जो माणूस परत हवा होता, त्याचं नाव त्या बाळावर ठेवलं गेलं. एवढं ओझं घेऊन वाढलेला तो मुलगा एकविसाव्या वर्षी गेला.

सामान्य घरांत या रीतीची एक गंमतशीर अडचण होती. मुलाला सासऱ्यांचं नाव दिलं, पण सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. आजीनं तर नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही. मग त्या मुलाला हाक मारायची कशी? बाळ, बाबू, नाना, अण्णा, आप्पा, तात्या, भाऊ, बंडू. मराठीत घरगुती नावांचा एवढा मोठा साठा आहे, त्यातला बराचसा या अडचणीतून आला असावा असं मला वाटतं. कधी कधी हे घरातलं नावच जगभर होई. लोकमान्य टिळकांचं जन्मनाव केशव, पण ‘बाळ’ हीच हाक रुळली आणि इतिहासात नोंद झाली ती बाळ गंगाधर टिळक अशी.

पंचांगाचा हक्क यापेक्षा वेगळा. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी एकशे आठ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. त्यावरून निघतं ते नावरस नाव. आर्द्रेच्या एका चरणाला ङ आणि हस्ताच्या एका चरणाला ण येतो. त्या अक्षरानं सुरू होणारं नाव कुठून आणणार, म्हणून गुरुजी जवळचं दुसरं अक्षर सुचवतात. शिवाय जन्ममहिन्यावरून एक मासनाम आणि कुलदेवतेवरून एक नाव असे, पण ती पूजेपुरतीच. पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहायचं आणि व्यवहारातलं नाव बारशाला ठरायचं. ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीनं ते लिहायचं. मग बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून एकमेकींकडे देतात आणि आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. या सोहळ्यात नाव उच्चारण्याचा मान आईच्या नव्हे, वडिलांच्या बहिणीकडे आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

विसाव्या शतकात ही सगळी वीण सैल झाली. सुरुवात बंगालकडून झाली म्हटलं तरी चालेल. रवींद्रनाथांना १९१३ मध्ये नोबेल मिळालं, शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या, राष्ट्रीय चळवळीतले बंगाली पुढारी घराघरांत पोचले. मराठी पाळण्यांत रवींद्र, अरविंद, चित्तरंजन, सुभाष दिसू लागले. नाव आता पूर्वजाचं नव्हे, आदर वाटणाऱ्या परक्या माणसाचं असू शकत होतं. मग रमेश-सुरेश अशा भावांच्या जोड्या आल्या, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रकाश, प्रदीप, विजय, अनिल. सदाशिव, त्र्यंबक, मोरेश्वर यांच्या घरातली ही मुलं. पोथीऐवजी उजेड, वारा, यश यांची नावं घेऊन ती शाळेत गेली. चित्रपटांनी त्यात भर घातली. दिलीप हे रघुवंशातल्या राजाचं नाव, पण विसाव्या शतकात ते घरोघरी गेलं त्यात यूसुफ खान या नटानं १९४४ पासून पडद्यावर घेतलेल्या नावाचा वाटा मोठा आहे. १९७३ मध्ये मुंबईत रमेश तेंडुलकरांनी आपल्या मुलाचं नाव सचिन ठेवलं, ते सचिनदेव बर्मन यांच्या संगीतावरच्या प्रेमापोटी. त्यानंतरच्या कित्येक सचिनांच्या नावामागे संगीत नाही, क्रिकेट आहे.

या शतकातला सर्वांत मोठा बदल मात्र आवडीनिवडीचा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्यानंतर लाखो घरांत नावांची परंपराच बदलली. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या इंग्रज-पेशवे लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावं कोरलेली आहेत, ती ‘नाक’ या प्रत्ययानं संपतात. नावावरून जात कळावी अशी ती व्यवस्था होती. त्याच समाजाच्या पुढच्या पिढ्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, नागसेन, मिलिंद आले. मिलिंद म्हणजे नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचं नाव दिलं आणि ते मराठवाड्याच्या खेड्यांतल्या पाळण्यांपर्यंत गेलं. ज्यांच्या मुलांना किळसवाणं नाव द्यावं असं स्मृतीनं लिहिलं होतं, त्यांनी राजपुत्रांची, सम्राटांची आणि विचारवंतांची नावं आपल्या हातानं निवडली. नाव निवडण्याचं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर या घरांकडे बघावं.

आजच्या पालकांना हे स्वातंत्र्य आयतं मिळालं आहे, आणि बहुतेक जण ते मनापासून वापरतात. मल्हार, अद्वैत, रुद्र अशी जुनी नावं नव्या ऐटीत परतली आहेत. खटकतं ते एवढंच की याद्यांमध्ये कित्येक नावांपुढे छापलेला अर्थ कोणत्याही कोशात नसतो. ‘सूर्याचा पहिला किरण’ आणि ‘शांत, तेजस्वी’ हे अर्थ तर कशालाही चिकटवलेले असतात. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश १८९० पासून उपलब्ध आहे. नाव पक्कं करण्याआधी त्यात एकदा बघायला पाच मिनिटं लागतात. घाईचंही कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या नोंदीत नाव नंतर घालता येतं: पहिल्या वर्षात विनाशुल्क, पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत.

एक बदल अगदी ताजा आहे. मराठी रीतीत मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव, आईचं कुठेच नाही. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम असावा. याच भूमीवरचे सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असं म्हणवून घेत. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची कीर्ती कोरून ठेवली आहे. राज्य तेव्हाही बापाकडूनच मुलाकडे जाई, पण ओळख आईच्या नावानं सांगितली जाई. आता नाव सुचवणाऱ्यांनी ते बापाच्या नावासोबत म्हणून पाहण्याआधी आईच्या नावाला लागून कसं ऐकू येतं हे पाहायला हवं, कारण शाळेच्या हजेरीपटावर मुलाच्या नावाशेजारी पहिलं नाव तिचं असणार आहे.