बुद्धिबळ इंजिने आणि ग्राफिक्स प्रोसेसर

बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे चाली शोधणारा संगणक-प्रोग्रॅम, संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, म्हणजे सीपीयूवर, न चालवता ग्राफिक्स कार्डावरच्या जीपीयूवर चालवण्याची पद्धत. कार्ड जितके महाग तितके इंजिन तगडे, हा समज अर्धाच खरा आहे.

जीपीयूत हजारो छोटे गणक असतात, पण ते सुटे काम करत नाहीत. एनव्हिडियाच्या कार्डात 32-32 धाग्यांचे (म्हणजे एकेका कामाचे) गट एकाच वेळी एकच आज्ञा पाळतात. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाच्या हुकमावर सगळे पठ्ठे एकदम जोर काढतात, तसे. एखाद्याला वेगळे काही करायचे असेल, तर बाकीच्यांना थांबावे लागते. जुन्या इंजिनांची अल्फा-बीटा पद्धत मात्र खासबागेतल्या कुस्तीसारखी आहे: आधीच्या चालीचा निकाल लागल्यावरच पुढच्या चालींची कुठली फांदी न तपासता छाटायची ते ठरते. असले पायरीपायरीचे काम सीपीयूच चांगले करतो.

चित्र पालटले ते न्यूरल नेटवर्कमुळे, म्हणजे पटावरची स्थिती जोखायला सरावातून शिकणाऱ्या गणिती जाळ्यामुळे. गुगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या इंजिनाने 2017 मध्ये सीपीयूवर चालणाऱ्या स्टॉकफिश 8 या इंजिनाविरुद्ध 100 डावांत 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. तो सेकंदाला सुमारे 80 हजार स्थिती तपासत होता, स्टॉकफिश 7 कोटी. (अल्फाझीरो चालला तो गुगलच्या टेन्सर प्रोसेसरवर, जीपीयूचा हा भाऊबंदच.) 2018 मध्ये सुरू झालेल्या लीला चेस झीरो या मुक्तस्रोत इंजिनाने हीच वाट घराघरातल्या ग्राफिक्स कार्डावर आणली आणि 2019 मध्ये टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या 15 व्या हंगामात स्टॉकफिशला हरवले.

नेटवर्क म्हणजे मुख्यतः गुणाकार-बेरजांचे डोंगर, आणि ते जीपीयूचे आवडते खाद्य. पण एकेक स्थिती पाठवून भागत नाही. शेकडो स्थितींचा घाणा एकदम द्यावा लागतो. करवीरच्या गुऱ्हाळात वाटीभर रसासाठी कोणी चुलवाण पेटवत नाही, काहील भरल्यावरच आधण ठेवतात.

सीपीयूने मात्र हार मानली नाही. यू नासू यांनी 2018 मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी एनएनयूई हे छोटे नेटवर्क बनवले. मोहरा हलला की सगळे गणित पुन्हा न करता फक्त बदललेला भाग मोजायचा, ही त्यातली खुबी. सप्टेंबर 2020 च्या स्टॉकफिश 12 मध्ये ते आले आणि सीपीयूवरचे हे इंजिन पुन्हा अग्रस्थानी बसले.

महिला आंतरराष्ट्रीय मास्टर ऋचा पुजारी यांच्या कोल्हापुरात आपल्या पोरासाठी संगणक घेणाऱ्या पालकाला यातून एवढे कळले तरी पुरे: स्टॉकफिश ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही. त्याला जास्त कोअरचा सीपीयू हवा. साधा मोबाइलही ते इंजिन जगज्जेत्याला भारी पडेल इतपत चालवतो. कार्डाचा खर्च लीलाशी खेळायचे असेल तरच करावा.