समुद्र रंगवताना निळी ट्यूब शेवटी उघडा

तैलरंगात समुद्र रंगवायला शिकणारा माणूस बहुधा सगळ्यात आधी निळी ट्यूब उघडतो. पण पाण्याला स्वतःचा रंग फार थोडा असतो. आपल्याला दिसतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून परतलेला आकाशाचा उजेड आणि त्यात मिसळलेला, पाण्यात शिरून विखरत बाहेर आलेला हिरवट-निळा प्रकाश. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८८०च्या दशकात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या एत्रता गावाच्या पांढऱ्या कड्यांसमोर पुन्हा पुन्हा उभा राहिला, तो हा बदलता उजेड पकडायला.

या दोन प्रकाशांचं प्रमाण नजरेच्या कोनावर ठरतं. पाण्यात सरळ खाली पाहिलं, तर पृष्ठभाग जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतो. बाकीचा आत जातो, म्हणून उथळ पाण्यात तळाची वाळू दिसते. नजर तिरपी होत गेली की परावर्तन वाढतं आणि अगदी आडव्या नजरेला पाणी जवळजवळ आरसाच होतं. म्हणून चित्रात खाली, पायाजवळच्या पाण्यात वाळूचा पिवळा आणि हिरवट रंग हवा. वर जाताना त्यात आकाश मिसळत जायचं.

मग क्षितिजाशी समुद्र आणि आकाश एकरंगी का होत नाहीत? वारा पडलेला असेल तेव्हा खरोखरच होतात. वारा असला की मात्र तिथे गडद पट्टा दिसतो, आणि त्याचं कारण मला फार सुंदर वाटतं. लांबून आपल्याला लाटांचे मुख्यतः आपल्याकडे कललेले उतार दिसतात. पलीकडचे त्यांच्यामागे झाकले जातात. कललेला उतार क्षितिजालगतचं फिकट आकाश दाखवत नाही, साधारण २०-३० अंशांपर्यंत वरचं, जास्त निळं आकाश दाखवतो. तेव्हा दूरच्या पाण्याचा रंग मिसळताना मान वर करून तिथलं आकाश पाहायचं. एवढं साधलं की चित्रातला समुद्र आडवा पसरतो. नाहीतर निळ्या भिंतीसारखा उभा राहतो.

फेस पांढरा दिसतो कारण त्यातले बुडबुडे सगळे रंग सारखेच विखुरतात. पण सावलीतल्या फेसावर फक्त आकाशाचा उजेड पडतो, म्हणून तो निळसर असतो. उन्हातला फेस त्याच्याशेजारी किंचित पिवळट ठेवला, तर दोन्ही खुलतात. शेजारचे रंग एकमेकांना असे बदलतात, हे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ साली ग्रंथरूपानं मांडलं होतं.

डोळ्याचा आणखी एक गुण मोनेच्या १८७२च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मध्ये दिसतो. त्यातला नारिंगी सूर्य झगझगीत वाटतो, पण चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली तर तो राखाडी आकाशात जवळपास विरतो, कारण दोघांचा उजळपणा सारखाच आहे. मज्जाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांचं स्पष्टीकरण असं: मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल टिपतो, त्याला रंग कळत नाही, उजळपणातला फरक कळतो. त्याला हा सूर्य नीट सापडत नाही, म्हणून तो थरथरल्यासारखा भासतो. आपल्या चित्राचा कृष्णधवल फोटो अधूनमधून काढून पाहावा. नवशिक्याच्या बहुतेक अडचणी रंगात नसतात, उजळपणात असतात.

किनाऱ्यावर बसून तैलरंग वापरणं सोपं झालं ते अमेरिकन चित्रकार जॉन रँड यांनी १८४१ मध्ये पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतल्यावर. मोनेच्या १८७०च्या, त्रूव्हिल या फ्रेंच गावाच्या किनाऱ्यावरच्या एका चित्रात तर रंगात अडकलेले वाळूचे कण सापडले आहेत! तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. म्हणून ओल्या रंगातच दुसरा रंग ओढून लाटांच्या कडा मऊ करायला भरपूर वेळ मिळतो. मात्र खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ ठेवायचे आणि तेलाचं प्रमाण वरच्या थरांत वाढवायचं. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतरही हलत राहतो आणि भेगा पडतात. फेसाचे जाड फटकारे त्यामुळेच सर्वांत शेवटी मारायचे.